रॅम महागली, मग कामाचा लॅपटॉप निवडायचा कसा?

लॅपटॉप घ्यायचाय म्हटलं की आपल्याकडे एक सल्ला ठरलेला असतो: सेलपर्यंत थांब. दिवाळी नाहीतर २६ जानेवारीचा सेल येतो, कुणाचं तरी बँकेचं कार्ड मिळतं, तीन-चार हजार सुटतात. बरीच वर्षं हा सल्ला बरोबरच होता, कारण कॉम्प्युटरचे भाग काळानुसार स्वस्त होत जातात याची आपल्याला सवय झाली होती. २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांपासून हे गणित बिघडलंय. आधी रॅम महागली, मग एसएसडी. आज पाहिलेला लॅपटॉप पुढच्या सेलमध्ये स्वस्त मिळेल याची आता खात्री देता येत नाही.

हा लेख गेमिंगवाल्यांसाठी नाही. आठवड्यातले दोन-तीन दिवस बाहेर आणि उरलेले ऑफिसात, असं ज्यांचं काम आहे त्यांच्यासाठी आहे. साइट इंजिनिअर, पीक विम्याचे किंवा गाड्यांचे सर्व्हेअर, संस्थांसाठी गावोगावी माहिती गोळा करणारी मुलं-मुली, बी-बियाण्यांच्या कंपन्यांचे सेल्सवाले, तालुक्याचे पत्रकार. यातल्या बऱ्याच जणांना कंपनी लॅपटॉप देत नाही. ‘स्वतःचा लॅपटॉप असणे आवश्यक’ ही ओळ नोकरीच्या जाहिरातीतच असते. म्हणजे पहिल्या नोकरीचे दोन-तीन पगार एका वस्तूत जाणार, तेही बहुतेक वेळा हप्त्यावर. आणि ती वस्तू दुपारी दोनला बंद पडली, तर त्या दिवसाचं काम रात्री लॉजवर बसून करायचं.

भाव वाढले कशामुळे?

जगातली बहुतांश रॅम तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरला लागणारी एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरीसुद्धा याच तिघी बनवतात. दोन्हींचा कच्चा माल एकच, सिलिकॉनची तबकडी, म्हणजे वेफर. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या डीडीआर५ च्या साधारण तिप्पट वेफर लागतात, असं मायक्रॉननेच गुंतवणूकदारांना सांगितलेलं आहे. म्हणजे डेटा सेंटरकडे जाणारी एक जीबी ही लॅपटॉपच्या वाट्याची जवळपास तीन जीबी खाते.

त्यात ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीला ओपनएआयने आपल्या स्टारगेट प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्सशी बोलणी पक्की केली. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या मागणीचा आकडा होता. एवढं मोठं गिऱ्हाईक दारात उभं असताना लॅपटॉपच्या रॅमला पुरवठ्यात मागचीच जागा मिळणार. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉनने क्रुशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. घरच्या घरी लॅपटॉपची रॅम वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी क्रुशियल हे कायमचं नाव होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदार दुसरं काही विचारायच्या आधी तेच पाकीट पुढे करायचा.

काही जण म्हणतात, गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचाच कारखाना आलाय, आता रॅम आपल्याकडेच बनेल आणि स्वस्त होईल. तसं होणार नाही. साणंदचा २०२३ मध्ये जाहीर झालेला प्रकल्प चिपच्या जुळणीचा आणि तपासणीचा आहे. वेफर बाहेरूनच येतात आणि टंचाई वेफरचीच आहे. मेमरीसाठी नवीन फॅब उभी करून चालू करायला काही वर्षं लागतात, त्यामुळे हा प्रश्न एका सेलमध्ये सुटणारा नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्येही अशीच घबराट झाली होती. ३ ऑगस्टला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असं काढलं, आणि आता लॅपटॉप मिळणारच नाहीत म्हणून लोक दुकानात पळाले. पुढे त्याचं रूपांतर आयातीची नोंदणी करून मंजुरी घ्यायच्या पद्धतीत झालं आणि बाजार शांत झाला. ती अडचण कागदावरची होती, कागदानेच सुटली. या वेळी मालच कमी आहे.

वाढलेला भाव कुठे लपतो

कंपनीपुढे दोन रस्ते असतात. एक, किंमत वाढवायची. दोन, किंमत तीच ठेवायची आणि आतला माल कमी करायचा. आपल्याकडे ४५-५५ हजारांच्या पट्ट्यात गिऱ्हाईक किमतीला चिकटून असतं, त्यामुळे दुसरा रस्ता कंपन्यांना सोयीचा. वर्षभरापूर्वी मित्राने घेतलेला लॅपटॉप १६ जीबी रॅमचा होता म्हणून तुम्ही त्याच नावाचा मागवता आणि घरी येतो ८ जीबीचा. नाव तेच, रंग तोच, फक्त मॉडेल नंबरच्या शेवटची दोन-तीन अक्षरं वेगळी. म्हणून ‘मित्राने घेतला तोच’ ही खरेदीची पद्धत आता सोडा. ऑनलाइन घेताना पूर्ण मॉडेल नंबर कॉपी करून कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथलं स्पेसिफिकेशन वाचा. विक्रेत्याच्या पानावरचं नको, ते बऱ्याचदा भलत्याच मॉडेलचं चिकटवलेलं असतं.

आतापर्यंत आम्ही मित्रमंडळींना एक युक्ती सांगायचो: ८ जीबीचा स्वस्त लॅपटॉप घ्या, मोकळ्या स्लॉटमध्ये दीड-दोन हजारांची रॅमची पट्टी बसवा, झाले १६ जीबी. आता पट्टीच इतकी महागलीय की ही युक्ती चालत नाही. शोरूममधला ८ आणि १६ जीबीचा फरक आणि बाजारातल्या पट्टीचा भाव, दोन्ही शेजारी मांडून बघा. बहुतेक वेळा आधीपासून १६ जीबी असलेला लॅपटॉपच परवडतो.

८ जीबी पुरत नाही का? विंडोज ११ ची अधिकृत किमान अट तर फक्त ४ जीबीची आहे. पण ती अट मशीन सुरू होण्यापुरती समजा. ऑफिसमधला साधा दिवस डोळ्यांसमोर आणा: क्रोममध्ये पंधरा टॅब, एक्सेलची एक जड फाइल, टीम्स किंवा झूमवर मीटिंग, आणि बाजूला व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲपचं विंडोज ॲपसुद्धा आता आतून वेब पानच झालंय, म्हणजे अजून एक ब्राउझर उघडा ठेवल्यासारखं. ८ जीबीत हे सगळं चालतं, पण मशीन सारखं एसएसडीवर सामान टाकत-उचलत राहतं आणि मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटतो. चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबीच घ्या. नवीन १६ जीबी बजेटमध्ये बसतच नसेल तर ८ जीबी घ्यायला हरकत नाही, फक्त एक स्लॉट मोकळा हवा. स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर असं लिहिलं असेल तर रॅम जवळपास नक्कीच बोर्डावर चिकटवलेली असते, पुढे काहीच करता येत नाही. साधं डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर स्लॉट असायची शक्यता चांगली, तरी विचारून घ्या.

एसएसडीबाबत एवढा जीव घालवू नका. ५१२ जीबी पुरते, आणि ती बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर बदलता येते. माझा खरेदीचा नियम यावरूनच ठरतो: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घालायचे. चिकटवलेली रॅम, स्क्रीन, चार्जिंगचा पोर्ट, बॉडी. माउस, बॅग, स्टोरेज, जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं ‘फ्री ऑफिस’, हे सगळं नंतर.

फील्ड म्हणजे नक्की कुठे?

‘फील्डसाठी लॅपटॉप’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उन्हात उभं राहून लॅपटॉप हातात धरलेला माणूस येतो. असा माणूस मी फक्त जाहिरातीत पाहिलाय. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. स्वस्त लॅपटॉपची स्क्रीन २५० निट्सची असते, आणि वीस हजारांचा फोन उन्हात सहज १००० निट्सच्या आसपास जातो. भर दुपारी शेताच्या बांधावर २५० निट्सच्या स्क्रीनवर तुम्हाला फक्त तुमचाच चेहरा दिसेल.

म्हणून उघड्यावरचं काम फोनवर करा. ई-पीक पाहणी तर फोनवरच होते. सर्व्हेचे फॉर्म भरायला ओडीके किंवा कोबो आहे, तेही नेटवर्क नसताना चालतं. नकाशाचं काम असेल तर क्यूजीआयएसचा भाऊ क्यूफील्ड फोनवर चालतो आणि संध्याकाळी सगळा डेटा लॅपटॉपवर ओतता येतो. हे एकदा मान्य केलं की लॅपटॉपचं फील्ड बदलतं. ते म्हणजे जीपची मागची सीट, ग्रामपंचायतीचं ऑफिस, साइटवरचा पत्र्याचा कंटेनर, एसटी स्टँडसमोरचं हॉटेल, रात्रीचा लॉज. तिथे लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: बॅटरी, कुठूनही चार्ज होणं, वजन, उष्णता आणि धूळ सोसणं.

मजबुतीसाठी पॅनासॉनिक टफबुक किंवा गेटॅकसारखे खास लॅपटॉप मिळतात, पण ते लाखांच्या घरात असतात आणि ते कंपनीने किंवा सरकारी खात्यानेच घ्यायचे. त्याखाली साध्या लॅपटॉपवर ‘मिलिटरी ग्रेड’ असं लिहिलेलं दिसतं. मिल-एसटीडी-८१०एच हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचण्यांचं मानक आहे. त्यात पुष्कळ चाचण्या आहेत आणि कुठल्या करायच्या ते कंपनीच निवडते. लष्कर येऊन शिक्का मारत नाही. त्यामुळे तो शिक्का म्हणजे लॅपटॉप पडला तरी चालेल असं समजू नका. त्यापेक्षा दुकानात झाकण एका कोपऱ्याला धरून उघडा. स्क्रीन लवलवत असेल, कीबोर्डच्या मधोमध दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर बाइकच्या मागे बांधलेल्या बॅगेत तो वर्षभरही टिकणं अवघड.

स्क्रीन किमान ३०० निट्सची, अँटी-ग्लेअर आणि आयपीएस घ्या. १४ इंची घ्या असं मी सुचवेन. १५.६ इंचीला आकड्यांचा वेगळा कीबोर्ड मिळतो, हिशेबाचं काम करणाऱ्यांना तो हवाच असतो, पण जीपमध्ये मांडीवर तो मावत नाही. दहा-बारा इंच मोठा मॉनिटर ऑफिसात कुणाचा तरी मिळतोच.

बॅटरी: जाहिरातीतले तास विसरा

‘१० तास बॅकअप’ हा आकडा स्क्रीन मंद करून, एकच व्हिडिओ लावून काढलेला असतो. तुम्ही वॉट-अवर बघा. फोनच्या बॅटरीचे जसे एमएएच, तसे लॅपटॉपचे वॉट-अवर. स्वस्त मॉडेलमध्ये बहुतेक ४१-४२ वॉट-अवरची बॅटरी असते. एक्सेल, ब्राउझर अशा हलक्या कामाला मशीन साधारण ८ वॉट खातं असं धरलं, तर ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच तास. उजेड पूर्ण, मोबाइलचं हॉटस्पॉट, ऑटोकॅड उघडलेलं, असं असेल तर १४ वॉट धरा. मग तेच तीन तासांवर येतं. ६० वॉट-अवरची बॅटरी असेल तर हलक्या कामाला साडेसात तास. वर्ष-दीड वर्षात यातले काही टक्के कमी होतात, ते वेगळं.

यापेक्षाही जास्त फरक चार्जिंगच्या पोर्टने पडतो, आणि याकडे जवळपास कुणीच बघत नाही. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे म्हणजे तो टाइप-सीवर चार्ज होतो असं नाही. स्वस्त मॉडेलमध्ये तो पोर्ट बऱ्याचदा फक्त डेटासाठी असतो आणि चार्जिंगला जुनी गोल पिन लागते. स्पेसिफिकेशनमध्ये पोर्टच्या ओळीत ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द हवेत. ते असतील तर एकच ६५ वॉटचा चार्जर फोन आणि लॅपटॉप दोन्हीला चालतो, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये कार चार्जर लावता येतो, आणि पॉवर बँकही वापरता येते.

माझा मामेभाऊ रस्त्याच्या कामावर साइट इंजिनिअर आहे. त्याच्या कंटेनरमध्ये जनरेटर चालू असेल तेवढीच वीज. त्याने लॅपटॉपवर पाच हजार जास्त घालण्याऐवजी ६५ वॉट देणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक घेतली. तिचा हिशेब असा: २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर. मधली गळती जाऊन लॅपटॉपला साधारण ६० मिळतात. म्हणजे ४२ वॉट-अवरचा लॅपटॉप एकदा पूर्ण भरून वर थोडं उरतं. दुकानात ढिगाने मिळणाऱ्या २२.५ वॉटच्या पॉवर बँक मात्र यासाठी घेऊ नका, त्यावर लॅपटॉप एकतर चार्ज होत नाही किंवा ‘स्लो चार्जर’ म्हणून कुरकुर करत राहतो.

उष्णतेबद्दल एक गोष्ट. बहुतेक लॅपटॉपच्या कागदपत्रांत चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ ला टेकतो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीत तर त्याहून बराच वर जातो. लिथियमची बॅटरी उष्णतेनेच लवकर म्हातारी होते. लॅपटॉप गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका, आणि ऑफिसात दिवसभर चार्जरला लावून ठेवायचा असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय शोधून चालू करा.

प्रोसेसरचं नाव वाचायचं कसं

ऑफिसच्या कामाला गेल्या तीन-चार वर्षांतला कुठलाही मधला प्रोसेसर पुरतो, त्यामुळे इथे जास्त पैसे घालवायची गरज नाही. गरज आहे ती न फसण्याची. रायझन ५ ७५२०यू हे नाव ७००० च्या मालिकेतलं, म्हणजे नवं वाटतं. पण त्याच्या आतली रचना झेन २ आहे, जी २०१९ मध्ये आली होती. त्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा: २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. म्हणजे ७५३०यू हा ७५२०यू पेक्षा चांगलाच वरचढ, आणि दुकानात दोन्ही ‘रायझन ५, ७००० सिरीज’ म्हणूनच विकले जातात. शिवाय ७५२०यू सोबत येणारी रॅम नेहमी चिकटवलेली असते. इंटेलमध्ये कोअर ५ १२०यू हे नवं नाव आहे, पण आत तेराव्या पिढीचीच रचना. वाईट नाही, फक्त नव्या नावाचे जास्त पैसे मोजू नका. तेराव्या पिढीचा आय५ स्वस्त मिळाला तर तो घ्या.

एआय पीसीचं स्टिकर? मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसीसाठी ४० टॉप्सचा एनपीयू, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज लागतं. त्या १६ जीबीचा तुम्हाला उपयोग होईल. एनपीयूचा आज तरी सर्व्हेच्या किंवा बिलिंगच्या कामात फारसा नाही.

स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला खरंच भारी आहेत आणि फील्डवाल्यांना मोह होणं साहजिक आहे. पण तुमच्या ऑफिसात डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, बोटाचे ठसे घेणारं यंत्र, जुना प्रिंटर किंवा जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचं डोंगल वापरात असेल, तर आधी थांबा. नेहमीचं सॉफ्टवेअर त्यावर भाषांतर होऊन चालतं, पण ड्रायव्हर तसा चालत नाही, तो त्या चिपसाठी वेगळा लिहिलेलाच लागतो. महाटेंडर्सवर शेवटच्या दिवशी निविदा भरायला बसलात आणि टोकनच ओळखला गेला नाही, तर वीस तासांची बॅटरी काय कामाची? मॅकबुक एअरचंही थोडं तसंच आहे: पंखा नाही म्हणून धूळ ओढत नाही, बॅटरी उत्तम, पण टॅली त्यावर थेट चालत नाही. आधी ऑफिसातल्या सॉफ्टवेअरची यादी काढा आणि मग मशीन बघा.

जुना बिझनेस लॅपटॉप: या वर्षी जास्त अर्थाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. जाहीर केल्याप्रमाणे घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात, त्यासाठी सेटिंग्ज मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर बॅकअप करावी लागते, किंवा रिवॉर्ड पॉइंट नाहीतर ३० डॉलर द्यावे लागतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी जुन्या मशीन बदलल्या आणि त्या रिफर्बिश्ड बाजारात उतरल्या: थिंकपॅड, डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक.

या मशीन मुळातच रोज उघडझाप सोसण्यासाठी बनवलेल्या असतात. कीबोर्ड चांगला, बिजागऱ्या घट्ट, भाग बदलता येतात, आणि बऱ्याच मशीनमध्ये १६ जीबी रॅम आधीच बसवलेली असते, म्हणजे आत्ता सगळ्यात महाग झालेली गोष्ट आतच आहे. २०१८ च्या थिंकपॅड टी४८० ला तर बाहेरून काढता येणारी दुसरी बॅटरी आहे, एक संपली की दुसरी लावायची. आठवी पिढी ही विंडोज ११ ची खालची कड आहे, त्यामुळे बजेट असेल तर दहावी-अकरावी पिढी बघा. सातवी किंवा त्याआधीची पिढी कितीही स्वस्त मिळाली तरी विंडोजसाठी घेऊ नका. ‘आम्ही विंडोज ११ टाकून देतो’ असं दुकानदार म्हणेल. टाकता येतं, पण ते मायक्रोसॉफ्टच्या अटी वळसा घालून केलेलं असतं आणि पुढच्या मोठ्या अपडेटला अडू शकतं.

घेताना दोन गोष्टी जागेवर तपासा. पहिली बॅटरी: कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट ही कमांड इंग्रजीत टाइप केली की एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. दुसरी गोष्ट कुलूप: दुकानातच विंडोज रीसेट करून घ्या आणि इंटरनेटला जोडा. सुरुवातीच्या स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव येऊन त्यांचा लॉगिन मागितला, तर ते मशीन अजून जुन्या मालकाच्या यादीत आहे. ते सोडून द्या. बायोसला पासवर्ड असेल तरी सोडून द्या. फोन चोरीचा आहे का हे आपण आयएमईआय टाकून सीईआयआरवर बघू शकतो, लॅपटॉपसाठी तशी सरकारी सोय नाही. म्हणून पक्कं जीएसटी बिल आणि त्यावर सिरीयल नंबर हवाच, ‘बिल नको, हजार कमी करतो’ याला बळी पडू नका.

बिल, सर्व्हिस आणि पहिला आठवडा

लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मधल्या कपातीत एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर आले, लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होता, तो तिथेच राहिला. ५०,००० च्या लॅपटॉपमध्ये ७,६२७ रुपये कर असतो. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल किंवा ज्या छोट्या फर्मसाठी काम करता तिची असेल, तर बिल त्या नंबरवर घेतल्यास कामासाठीच्या खरेदीवर हा कर वजा करून घेता येतो. फ्रीलान्स सर्व्हेअर मुलांना हे कुणी सांगतच नाही. नो-कॉस्ट ईएमआय घेताना रोख घेतल्यावर मिळणारी सूट हातची जातेय का ते बघा. व्याज बऱ्याचदा तिथेच लपलेलं असतं, आणि प्रोसेसिंग फी व व्याजावरचा जीएसटी वेगळा.

सर्व्हिसबद्दल मी थोडा हट्टी आहे. ‘ऑनसाइट वॉरंटी’ तुमच्या पिनकोडला लागू आहे का ते घ्यायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा. पुण्यात इंजिनिअर दुसऱ्या दिवशी घरी येतो. अहेरी किंवा सुरगाण्यात तोच माणूस येईल का, आणि आला नाही तर लॅपटॉप कुठल्या शहरात नेऊन द्यायचा, तिथे जायला किती तास, हे माहीत करून घ्या. दोन ब्रँड सारखेच वाटत असतील तर ज्याचं सेंटर जिल्ह्याच्या गावी आहे तो घ्या. साध्या वॉरंटीत पडणं आणि पाणी सांडणं येत नाही. फील्डवर काम असेल तर अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्या. ते खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच घेता येतं आणि स्क्रीन एकदा फुटली तरी पैसे वसूल होतात.

लॅपटॉप हातात आल्यावर बॉक्स उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर दिसेल असा. कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झालीय ते बघा. चार महिन्यांपूर्वीची तारीख असेल तर बिल दाखवून ती दुरुस्त करून मिळते, पण विचारावं लागतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती जीबी आहे आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. ऑनलाइन खरेदीत परत करायची मुदत थोड्याच दिवसांची असते आणि अनेकदा पैसे परत न देता फक्त मशीन बदलून देतात. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतच पूर्ण चार्ज करून, उजेड वाढवून, हॉटस्पॉटवर तुमचं नेहमीचं काम करून बघा. चार्जर घरी ठेवून एक आख्खा दिवस बाहेर काढा, आणि तो दिवस मुदत संपायच्या आतला असू द्या.